हजेरी क्रमांक त्रेपन्न

सरांची साखर वाढली ती बीजगणितामुळे. कुणाला खोटं वाटेल, पण कवठे महांकाळच्या डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे गुणाकार करून हे दाखवून दिलं होतं. सर वर्गात प्रश्न विचारायचे आणि उत्तर लगेच घ्यायचे नाहीत. खिशातून मूठभर बेदाणे काढायचे आणि एकेक करत सात बेदाणे सावकाश चावून खायचे. सातवा गिळला की मगच कुणाकडे तरी बोट करायचं. तोवर पहिल्या बाकावरच्या पोरांनी हात हलवून खांदे उखडले तरी उपयोग नसायचा. सरांचं म्हणणं असं, की प्रश्न विचारल्यावर मास्तर क्षणभरसुद्धा थांबत नाही, स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो, आणि मागच्या बाकावरच्या पोराचं डोकं तेव्हा कुठे चालू व्हायला लागलेलं असतं. त्याला सात बेदाण्यांचा वेळ लागतो. तासाला सहा प्रश्न, दिवसाला पाच तास. दोनशे दहा बेदाणे निघाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, सर, साखर यामुळेच वाढलीय.

सर म्हणाले, "कशावरून?"

पुढे बेदाण्यांच्या जागी फुटाणे आले. फुटाण्याला जास्त वेळ लागतो, त्यामुळे तासाचे प्रश्न सहावरून चारवर आले आणि पोरं डॉक्टरांवर खूश झाली.

‘कशावरून’ हा त्यांच्या तोंडी बसलेला शब्द होता. पोरं त्यांना पाठीमागे ‘कशावरून सर’च म्हणायची, मी इथे नुसतं ‘सर’ म्हणेन. बरोबर उत्तरालाही कशावरून, चुकीच्या उत्तरालाही कशावरून. बायकोने जेवण वाढलंय म्हणून हाक मारली तरी कशावरून. त्या बिचाऱ्या ताट आणून मांडीवर ठेवायच्या. मूळचे नागपंचमीच्या शिराळ्याचे, त्यामुळे सरांच्या जेवणाच्या डब्यात नाग असतो असा पाचवीच्या पोरांचा पक्का समज होता. सरांनी तो कधी मोडला नाही. उलट डबा उघडण्याआधी त्यावर दोन टिचक्या मारायचे.

एकदा एक बाई आपल्या मुलाची तक्रार घेऊन शाळेत आल्या. मी तेव्हा स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. त्या म्हणाल्या, "सर, माजं पोरगं गणितात ढ हाय."

"कशावरून?"

"त्येचा बापबी ढच हाय."

"ते कशावरून?"

"माज्यासंगं लगीन केलं की."

मला हसू आवरेना, सर मात्र गंभीर. त्यांनी विचारलं, द्राक्षाच्या बागेत फवारणीचं औषध कोण कालवतं? बाई म्हणाल्या, तोच कालवतो, बापाला जमत नाही. मग सर म्हणाले, त्याला गुणोत्तर येतंय, फक्त वर्गात पंप नाही एवढीच अडचण आहे. आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस पाठीवर पंधरा लिटरचा फवारणीचा कोरा पंप लावून नववीच्या वर्गात शिरला. पंपात साधं पाणी. दोन लिटरला पाच मिली औषध, तर पंधरा लिटरला किती? उत्तर चुकलं की तोंडावर फवारा. एप्रिल महिना, पत्र्याचं छप्पर, पंखा बंद. दहा मिनिटांत वर्गातल्या झाडून सगळ्यांना गणित येईनासं झालं. पहिला नंबर काढणारी पोरगीसुद्धा छातीठोकपणे "तीनशे मिली" म्हणाली आणि डोळे मिटून उभी राहिली. शेवटी सरांनी नियम उलटा केला, बरोबर आलं तरच फवारा. मग मात्र साडेसदतीस साडेसदतीस असा गलका उठला. त्या वर्षी चाचणीत गुणोत्तर एकाचंही चुकलं नाही. चाचणीचे कागद मात्र ओले होते, कारण पोरांनी पंप आणलाच पाहिजे म्हणून हट्ट धरला होता.

ही सगळी सोंगं मला पहिल्या वर्षी भयंकर पोरकट वाटायची. मी साताऱ्याची, नववी बची वर्गशिक्षिका, विषय गणितच. बाबा सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. आमच्या घरी आवाज चढवला की काम होतं, त्यामुळे वर्गातही तसंच होत असणार असं मी धरून चालले होते. मी आवाज चढवला की नववी ब त्याहून वर चढवायची. मी ज्येष्ठमध चघळायला लागले, पोरांनी विचारलं, मॅडम, काय खाताय, आमाला द्या की. वर्गात पोरं बावन्न आणि मी एकटी. मी मराठीत ओरडायचे, फारच संताप आला की बाबांच्या हिंदीत. ‘खामोश’ म्हटल्यावर तर त्यांना इतका आनंद झाला की पुढचा आठवडाभर मैदानावर तेच चाललं होतं.

खरं सांगायचं तर माझी झोप उडाली होती. मी शिक्षण सेवक म्हणून लागले होते. तीन वर्षं तशी काढायची, मग मुख्याध्यापकांनी चांगला शेरा दिला तर कायम, नाहीतर बाडबिस्तरा बांधून साताऱ्याला परत. तिसरं वर्ष निम्मं सरलं होतं. आमचे मुख्याध्यापक मवाळ माणूस, पण आवाजाला फार भीत. त्यांचं ऑफिस नववी बच्या भिंतीला लागून. त्यांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, की मॅडम, तुमच्या वर्गाचा आवाज इकडं येतो तोवर मला ‘वर्गनियंत्रण चांगले’ असं लिहिता येणार नाही, मला खोटं लिहायची सवय नाही. मी मान हलवली आणि संडासात जाऊन रडले. शाळेत तेवढं एकच दार आतून लागायचं.

मग नाक मुठीत धरून मी सरांकडे गेले. म्हटलं, सर, काहीतरी सांगा. मला वाटलं चार युक्त्या सांगतील, मी वहीत लिहून घेईन. वही घेऊनच गेले होते. सरांनी वही बाजूला सारली आणि म्हणाले, "बुधवारी चौथा तास मला मोकळा हाय. मी तुमच्या वर्गात बसतो. पोरगा म्हणून. नाव घाला माझं."

मी हजेरीपत्रकात पेन्सिलीने त्रेपन्न आकडा घातला. पुढे नाव लिहायचं धाडस झालं नाही.

त्या बुधवारी सत्तावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, सफारीतला माणूस शेवटच्या बाकावर दोन पोरांच्या मध्ये येऊन बसला आणि मी फळ्याकडे वळताच त्याने मला खडू मारला. नेम चांगला होता. मग त्याला पाणी प्यायला जायचं होतं. मग शेजारचा चिमटा काढतोय म्हणून तक्रार. मग "मॅडम, हे परीक्षेला येणार हाय का?" मग पुन्हा पाणी. नववी बला असा आनंद आयुष्यात मिळाला नसेल. तास संपला तेव्हा मी फळ्यावर एक ओळ लिहिली होती आणि तीही चुकली होती.

स्टाफरूममध्ये मी त्यांच्यावर तुटून पडले. म्हटलं, तुम्ही मला मदत करताय की घालवताय? सर फुटाणे काढत म्हणाले, आधी सांगा, वर्ग नेमका कुठल्या मिनिटाला हातातून सुटला? त्यांच्याकडे लिहिलेलं होतं. तिसऱ्या मिनिटाला, सातव्या मिनिटाला, अकराव्या मिनिटाला. तिन्ही वेळेला माझी पाठ वर्गाकडे होती.

"तुमी फळ्यावर नजर ठेवून असता. फळा कुटं पळून जातोय व्हय? पळणारी पोरं इकडं हायत."

मग मी निम्मा फळा तास सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवायला लागले. पुढच्या बुधवारी त्रेपन्न नंबरने खडू मारला नाही, कारण मी वळलेच नाही. त्याऐवजी त्याने शेजारच्याच्या वहीतून गणित उतरवलं आणि "समजलं का?" म्हटल्यावर सगळ्यांत मोठ्याने "होऽऽ" म्हणाला. नंतर मला विचारलं, की जावयाला सासूनं ‘पोट भरलं का’ विचारल्यावर तो काय सांगणार? तसंच हे. त्या दिवसापासून मी ‘समजलं का’ हे दोन शब्द टाकले. सर कराडला लग्नाला गेले होते, तिथल्या बाजारातून येताना पाट्यांचं पोतं घेऊन आले, त्रेपन्न पाट्या आणि एखादी फुटेल म्हणून एक जादा. प्रश्न विचारला की सगळ्यांनी उत्तर पाटीवर लिहायचं आणि एकदम वर धरायचं. हात वर करणारी दहाच असतात, बाकीची बेचाळीस पाहुण्यासारखी बसून असतात, पाटी असली की पाहुणे उरत नाहीत, असं ते म्हणायचे. आणि सुरुवात चुकीच्या पाटीपासून करायची. रागवायचं नाही, विचारायचं कसं काढलंस. बरोबर पाटीवाल्याला घाई नसते.

मी बेदाणे खात नव्हते, पाठीमागे बोटं मोजायचे. सुरुवातीला सात मोजणं मला सात वर्षांसारखं वाटायचं. तरी हळूहळू मोजता यायला लागलं. एकच गोष्ट जमत नव्हती. मी त्यांना ‘सर, तुम्ही’ म्हणायचे. त्यावर त्यांची रोजची तक्रार, की पोराला ‘तुमी’ म्हणणारी मॅडम मी पयल्यांदाच बघतोय, अशानं मी सुधारायचा कसा? पण त्यांना अरेतुरे करायला जीभ वळत नव्हती. वडिलांच्या वयाचा माणूस.

वर्गाने मिळून नियम केले होते. मी नव्हे, पोरांनीच, मी फक्त भिंतीवर चिकटवले. त्यातला एक असा, की सलग तीनदा गृहपाठ नसेल तर दहा मिनिटं बाहेर उभं राहून तो पुरा करायचा. जानेवारीतला तो बुधवार. त्रेपन्न नंबरचा गृहपाठ तिसऱ्यांदा नव्हता. मी कारण विचारलं. ते उभे राहिले, मान खाली, बोटाने बाक कोरत.

"मॅडम, आज्जी वारली."

वर्ग हसला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. त्याच आठवड्यात मी आणखी एका पोराला याच नियमाने बाहेर काढलं होतं, आणि ते पोरगं आता डोळे बारीक करून मला जोखत होतं. मग मला खरोखरच राग आला, नाटकातला नव्हे. गेल्या बुधवारी आज्जी, त्याच्या आधीच्या बुधवारी आज्जी.

"तुझी आज्जी किती वेळा वारते रे? पाटी घे आणि बाहेर हो."

‘तुझी’ म्हटलं, ‘रे’ म्हटलं. सरांनी पाटी उचलली, नाक ओढलं आणि मुकाट्याने बाहेर गेले. नववी ब इतकी गप्प झाली की भिंतीपलीकडे मुख्याध्यापकांच्या खुर्चीचा आवाज ऐकू आला.

खुर्चीचा आवाज आला कारण मुख्याध्यापक उठले होते. तपासणीचे साहेब न कळवता आले होते. ज्या शिक्षण सेवकांच्या फाइली जूनला जायच्या त्यांचे तास बघायला. म्हणजे मला बघायला.

पुढचं मी उघड्या दारातून ऐकलं. मुख्याध्यापकांनी ‘हे आमचे गणिताचे सर्वांत अनुभवी’ अशी सुरुवात केली आणि मध्येच थांबले, कारण सर्वांत अनुभवी सर भिंतीला टेकून, जीभ बाहेर काढून, पाटीवर गणित सोडवत होते.

साहेबांनी विचारलं, "आपण बाहेर कसे?"

"मॅडमनी काढलंय."

"का?"

"गृहपाठ न्हाई केला."

मुख्याध्यापकांनी कुजबुजत सरांना आत चलायची विनवणी केली. सर म्हणाले, दहा मिनिटं सांगितलीत, अजून तीनच झालीत, मॅडम लय कडक हायत.

साहेब आत आले. तापलेले दिसत होते. बाहेर शाळेतल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला तुम्ही उभं केलंय हे खरं आहे का, असं त्यांनी मला सगळ्या वर्गासमोर विचारलं. त्यांच्यामागे मुख्याध्यापक मानेने ‘नाही म्हणा, नाही म्हणा’ करत होते. मला एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, तो आमचा गमतीचा भाग आहे, सर, या आत. एक वाक्य, आणि नोकरी वाचली असती. पण बावन्न पोरं माझ्याकडे बघत होती. नियम सगळ्यांना सारखा की गणवेशातल्यांनाच, एवढंच त्यांना बघायचं होतं. आज मी त्याला आत घेतलं असतं तर उद्यापासून नववी ब पुन्हा माझ्या हातात आली नसती, आणि मग कायम होऊन तरी काय करायचं होतं? हे मी अजून घरी कुणाला सांगितलेलं नाही.

"खरं आहे साहेब. सात मिनिटं राहिलीत. तोवर आपण बसून घ्या."

बसायला जागा एकच मोकळी होती, शेवटच्या बाकावर दोन पोरांच्या मध्ये. साहेब तिथे बसले. शेजारच्या आफरीनने उरलेली पाटी आणि खडूचा तुकडा त्यांच्या पुढ्यात सरकवला. तिच्या दृष्टीने त्या जागेवर बसणाऱ्याला पाटी लागते, एवढाच विषय.

मी प्रश्न घातला. कराडहून साताऱ्याला जाताना गाडी ताशी चाळीसने गेली, त्याच रस्त्याने येताना ताशी साठने आली, तर सगळ्या प्रवासाचा सरासरी वेग किती? आणि पाठीमागे बोटं मोजायला लागले. दारातल्या मुख्याध्यापकांना ती शांतता सहन होईना. त्यांना वाटलं मी पुढचं विसरले. ते खोकले, घड्याळ बघितलं, शेवटी मला मदत म्हणून "सोपं आहे, सोपं आहे" म्हणायला लागले. मी त्यांच्याकडे बघून ओठावर बोट ठेवलं. का ठेवलं, कुठून आलं ते धैर्य, मला माहीत नाही. ते गप्प झाले, इतकंच नव्हे तर हाताची घडी घालून उभे राहिले.

पाट्या वर गेल्या. बऱ्याच पाट्यांवर पन्नास. साहेबांच्या पाटीवरही पन्नास, वळणदार अक्षरात, खाली दोन रेघा मारून. पंधरावीस पाट्यांवर अठ्ठेचाळीस होते.

सुरुवात चुकीच्या पाटीपासून, हा नियम. मी दुसऱ्या कुणाची तरी पाटी शोधत होते, पण आफरीन शेजारीच होती आणि तिने सवयीने विचारून टाकलं, "साहेब, कशावरून?"

साहेब म्हणाले, चाळीस आणि साठ, भागिले दोन. त्यात काय?

"पर साहेब, हळू गाडीत तुमी जास्त येळ बसलाय की. मग सरासरी हळूकडंच सरकंल न्हवं?"

साहेब पाटीकडे बघत बसले. कुणी हसलं नाही. बरोबर उत्तरवाले घाई न करता थांबले होते. पाठीमागची माझी बोटं सातच्या पुढे गेली, दहाच्या पुढे गेली. मग साहेबांनी रुमालाने पाटी पुसली, अंतर एकशेवीस धरलं, जाताना तीन तास, येताना दोन तास, दोनशे चाळीस भागिले पाच, असं पुटपुटत मांडलं आणि अठ्ठेचाळीस लिहून पाटी वर धरली. दोन्ही हातांनी. आफरीन त्यांना म्हणाली, हां, आता आलं. त्या सुरात ती आपल्या धाकट्या भावाशी बोलत असावी.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "मॅडम, आत येऊ का?"

मी सरांची पाटी तपासली. चार गणितांतलं एक चुकलेलं होतं, मुद्दाम, बघणाऱ्याला कळावं इतकं मुद्दाम. मी ते दाखवलं. त्यांनी तिथेच उभं राहून दुरुस्त केलं. मग आपल्या जागेकडे निघाले, तर जागेवर साहेब.

"तुझ्या जागेवर पाहुणे बसलेत. तू पुढे बस, माझ्यासमोर."

"पुढं नको मॅडम," ते कळवळून म्हणाले, पण बसले.

साहेबांनी जाताना हजेरीपत्रक चाळून शेरेबुकात काय लिहिलं ते मुख्याध्यापकांनी मला चष्मा पुसून दोनदा वाचून दाखवलं. ‘इयत्ता नववी ब. अध्यापन उत्तम. वर्गनियंत्रण उत्तम. विद्यार्थी विचार करतात. हजेरी क्रमांक ५३ कडे विशेष लक्ष द्यावे.’ मुख्याध्यापकांनी आपला शेराही त्याच दिवशी लिहिला. जूनमध्ये मी कायम झाले. बाबांना फोन केला, ते "शाब्बास" म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

पण ते नंतरचं. त्या तपासणीनंतरच्या बुधवारी मी हजेरी घेतली. बावन्न झाल्यावर सवयीने त्रेपन्न पुकारलं. उत्तर नाही. पुन्हा पुकारलं. शेवटच्या बाकावर दोन पोरांच्या मध्ये मोकळी जागा. मला भलतीच काळजी वाटली. साखर, वय, नको नको ते मनात आलं. तास कसाबसा संपवून स्टाफरूममध्ये धावत गेले, तर हे महाशय फुटाणे खात बसलेले. मी चिडले. म्हटलं, गैरहजर का? चिठ्ठी कुठाय?

त्यांनी खणातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा छापील फॉर्म होता, त्यांनीच भरलेला, फळ्यावर काढायचे तशा सुंदर अक्षरात. हजेरी क्रमांक त्रेपन्न. इयत्ता नववी ब. अभ्यासातील प्रगती, यथातथा. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात लिहिलं होतं, ‘वर्गशिक्षिकेस आता गरज उरली नाही.’

माझ्या डोळ्यांपुढे अक्षरं हलायला लागली. मी म्हटलं, सर, कशावरून गरज उरली नाही? त्यांनी नुसतं पेन पुढे केलं. सही माझी लागणार होती, आणि एक रकाना त्यांनी माझ्यासाठी कोरा सोडला होता, वर्तणुकीचा. मी मला येत होतं तेवढं चांगलं अक्षर काढलं आणि लिहिलं, ‘अत्यंत वाईट.’ खाली सही केली. एक थेंब सहीवर पडला, शाई थोडी पसरली.

सरांनी कागद हातात घेऊन लांब धरला, वाचला, खूश झाले, घडी घालून सफारीच्या वरच्या खिशात ठेवला आणि माझ्या तळहातावर सात फुटाणे मोजून दिले.